फरशीखाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

तळघराचं काम आज सुरू झालं आणि आजच बंद पडलं.

कपडे धुण्याचं मोठं मशीन येऊन आठवडा झाला. अजून खोक्यातच दुकानाच्या दारात उभं आहे आणि गिऱ्हाइकं अंग चोरून आत येतात. ते तळघरात बसवायचं तर सांडपाण्यासाठी चर हवा, म्हणून सकाळीच गवंडी आला. त्याने जुनी फरशी उचलली, हातभर खणलं आणि वर येऊन मला हळूच म्हणाला, "वहिनी, जरा खाली या. आरडाओरडा करू नका म्हणजे झालं."

मला वाटलं, पाइप फोडला मेल्याने. खाली जाऊन बघते तर मातीत एक कवटी. शेजारी दुमडलेल्या हाताची हाडं. कोणीतरी कुशीवर वळून झोपावं तसं सगळं.

मी ओरडले नाही. लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईला सहसा धक्का बसत नाही. गावातल्या निम्म्या लोकांच्या खिशात काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि चेहऱ्यापेक्षा खिसे खरं बोलतात हेही.

नवऱ्याने पोलिसांना फोन केला. इन्स्पेक्टर आले, कशालाही हात लावू नका म्हणाले. "ही फरशी कधीची?" त्यांनी विचारलं.

"बाबांनीच घातलीय, स्वतःच्या हाताने. मी लहान होतो," नवरा म्हणाला.

बाबा, म्हणजे माझे सासरे, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. खाली उतरेनात, वर जाईनात. नवऱ्याचं वाक्य ऐकून त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मी ती लगेच मनात टिपून ठेवली. आता इथे लिहिते आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हाडं जुनी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, कदाचित त्याहूनही जुनी. हे सांगायला पुराणवस्तू खात्याच्या एक बाई आल्या आहेत. दिवसभर गुडघ्यावर बसून कुंचल्याने माती झटकतात, म्हणून मी त्यांचं नाव कुंचलेबाई ठेवलं आहे. त्यांच्या मते आमची सगळी गल्लीच एका जुन्या दफनभूमीवर उभी आहे. शेजारच्या औषधवाल्याला हे ऐकून घेरी आली. त्याने स्वतःच्याच दुकानातली गोळी घेतली, आणि मी प्रथमच त्याला गोळीवरची तारीख तपासताना पाहिलं.

माझ्या मनात आलं, दोन हजार वर्षं हे यांना हाडाकडे बघून कसं कळतं? मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "शेजारच्या भांड्यांवरून, मातीच्या थरांवरून. नक्की उत्तर प्रयोगशाळेतून येईल."

म्हणजे अजून नक्की नाही.

बाबा आज खाली उतरले. खड्ड्याच्या कडेला बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई आहे की पुरुष?"

"बाई," कुंचलेबाई म्हणाल्या. "तिशीच्या आतबाहेर."

बाबा बराच वेळ बसून राहिले. जेवायला हाक मारली तेव्हा "भूक नाही" म्हणाले. या माणसाला ताप असतानाही भूक असते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज इस्त्री करता करता नवऱ्याला सहज विचारलं, "फरशी नक्की कुठल्या वर्षी घातली रे?"

"आई गेली त्या वर्षी," तो म्हणाला.

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. लग्नात मला एवढंच सांगितलं होतं, की नवरा आठ वर्षांचा असताना त्या माहेरी गेल्या होत्या, तिथे ताप आला आणि वारल्या. घरात त्यांचा एकही फोटो नाही. मला वाटायचं, दुःखामुळे ठेवला नसेल.

"तू होतास तेव्हा तिथे?"

"कुठे?"

"आईच्या माहेरी. शेवटचं बघायला कोण गेलं होतं?"

"मी लहान होतो. बाबा म्हणाले, आई गेली. बस." असं म्हणून तो उठला आणि बॉयलर तापला का ते बघायला गेला. बॉयलर सकाळपासून तापलेलाच होता.

कोणीही शेवटचं बघायला गेलं नाही. तिशीच्या आतबाहेरची बाई. आणि ज्या माणसाने आयुष्यात भिंतीला खिळा मारला नाही, त्याने त्याच वर्षी एकट्याने अख्ख्या तळघराची फरशी घातली!

मी काही म्हणत नाही. नुसतं लिहून ठेवते आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खाली आता सात जण सापडलेत. एक लहान मूल मडक्यात ठेवलेलं आहे. ते बघून मात्र मी वर येऊन उगाचच घडी केलेल्या चादरी मोडून पुन्हा घड्या करत बसले.

आज एक विचित्र खड्डा निघाला. दोन वाडगे, मण्यांची माळ, हाडाची सुई, सगळं नीट मांडून ठेवलेलं, आणि माणूसच नाही.

"चोरीला गेला?" मी म्हटलं.

कुंचलेबाई हसल्या. "नाही. मुळात ठेवलाच नव्हता. कोणी दूर निघून गेलं आणि परत आलं नाही, की मागची माणसं कधीकधी त्याच्या वस्तू पुरायची. वाट बघणं संपवायला."

बाबांनी या खड्ड्याबद्दल त्यांना इतके प्रश्न विचारले की मला आश्चर्य वाटलं. वस्तू कोण पुरत असेल? नवरा की मुलं? आणि तो माणूस नंतर परत आला तर? "मग काय करत असतील हो?" असं त्यांनी दोनदा विचारलं. ज्या खड्ड्यात हाडंच नाहीत त्यात एवढा रस कशाला? लक्ष दुसरीकडे वळवायची ही युक्ती असावी. त्या हाडं असलेल्या बाईकडे ते आता बघतही नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई आल्या होत्या. नवऱ्याची मोठी बहीण, पलीकडच्या रस्त्यावर पाळणाघर चालवतात. आई गेली तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांना आठवायला हवं. मी चहा देता देता विषय काढला.

"ताई, सासूबाई माहेरी गेल्या, त्या दिवशी काय नेसल्या होत्या हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला का हवंय?"

"सहज."

"तुझं सहज मला चांगलं माहीत आहे. खालच्या त्या म्हाताऱ्या हाडांना राहू दे शांत. आणि बाबांनाही राहू दे."

मी बाबांचं नावसुद्धा काढलं नव्हतं!

ताई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसने "मैत्रिणीकडे" जातात. ती मैत्रीण आजवर कोणी पाहिलेली नाही. जाताना पिशवीत लोकर नेतात, गुडघ्याचं तेल नेतात. आधी मला वाटायचं कोणी मित्रच असेल. मग वाटलं, गुडघ्याचं तेल नेण्यासारखा मित्र काय कामाचा? या महिन्याचा रविवार होऊन गेला आहे, तरी त्या आज पुन्हा निघाल्या. घाईघाईत, दुकानापुढून गेल्या तेव्हा माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. माझ्याखेरीज सगळ्यांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहून ठेवावं की नाही, कळत नाही. तरी लिहिते.

दुपारी कुंचलेबाईंनी मला एकटीला खाली बोलावलं. जिन्याखालच्या कोपऱ्यात फरशीच्या अगदी लगत त्यांना एक गाठोडं लागलं होतं. "हे आमच्या काळातलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरातलं असावं."

चादरीत बांधलेलं होतं. चादर कुजलेली, पण कोपऱ्यावर काळ्या शाईची खूण अजून वाचता येत होती. आमच्या दुकानाची खूण. घरच्या कपड्यांवर घालतो ती.

आत बायकांच्या चपला, एक चष्मा आणि लहान मुलाचा अर्धवट विणलेला स्वेटर. सुया तशाच खुपसलेल्या, गंजून लोकरीला चिकटलेल्या. छातीची रुंदी मी हाताने मापली. सात-आठ वर्षांच्या मुलाचा.

माहेरी जाणारी बाई चपला इथे ठेवून जाते? एक वेळ दुसऱ्या घालून गेली असेल. विणकाम मागे ठेवेल तेही समजू शकते. पण चष्मा? चष्मा सोडून कोणी जातं का?

गाठोडं मी दुकानात, न नेलेल्या कपड्यांच्या फळीवर मागे ठेवलं आहे. कुंचलेबाईंना सांगितलं, जुनं अडगळीचं आहे. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. त्यांनाही शंका आली असणार.

नवऱ्याला सांगावं का? दिवसभर हाच विचार करते आहे. तो आठ वर्षांचा होता. आठ वर्षांच्या मुलाला बरंच कळतं. कळलेलं तो इतकी वर्षं पोटात ठेवू शकला असेल, तर मी कोणाच्या शेजारी झोपते आहे?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ठाण्यात जाऊन आले. गाठोडं इन्स्पेक्टरांच्या टेबलावर ठेवलं. घरी म्हटलं, शाई आणायला जाते.

बाबांनी माझं कधी काही वाईट केलं नाही. मी या घरात आले तेव्हा स्टार्च कितपत घट्ट लागतो ते त्यांनीच मला शिकवलं, आणि पहिला शर्ट मी जाळला तेव्हा गिऱ्हाइकासमोर स्वतःचं नाव पुढे केलं. हे सगळं ठाण्याच्या पायऱ्या चढताना आठवत होतं. पण खाली एक बाई असेल आणि तिच्यासाठी कोणीच बोललं नसेल, तर?

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना सकाळी ठाण्यात नेलं. गल्लीने दारात येऊन पाहिलं. औषधवाल्याने तर गिऱ्हाईक तसंच ठेवलं.

इन्स्पेक्टरांनी आम्हालाही बाकावर बसवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"काका, तुमच्या बायकोच्या मृत्यूचा दाखला?"

"नाही."

"कुठे वारल्या?"

"ती वारली असं मी कधी म्हटलं नाही. ती गेली, एवढंच म्हटलं."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली."

"कुठे गेली?"

बाबांनी एवढंच म्हटलं, "तळघर तुमचंच आहे. खणा."

एखाद्या निरपराध माणसाला एवढं विचारलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. बाबा नुसते चष्म्याकडे बघत बसले. त्यांनी टेबलावर हात नेला, पण इन्स्पेक्टरांनी गाठोडं बाजूला सरकवलं.

संध्याकाळी सोडलं. सोमवारी राहिलेली सगळी फरशी उचलणार आहेत. घरी नवरा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फोन घेऊन गच्चीवर गेला. मी जिन्यात उभी राहिले, पण "ताई, आता पुरे झालं, तिला घेऊन ये" एवढंच ऐकू आलं.

कोणाला?

२४ फेब्रुवारी, सोमवार

घडलं तसं लिहिते.

सकाळी दोन मजूर, इन्स्पेक्टर आणि कुंचलेबाई. कुंचलेबाई चिडलेल्या होत्या. "पहारीने नाही, हळू!" असं मजुरांवर सारखं ओरडत होत्या. बाबा तळघरात स्टुलावर बसले होते, कोणी बसवलं नसताना. आधी जिन्याखालचा कोपरा आणखी खोल खणला. तिथे आणखी एक हाडांची बाई, अंगाखाली मातीचा वाडगा. कुंचलेबाईंनी मान हलवली, जुनीच. मग पलीकडचा कोपरा. तिथे काहीच नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आधी ताई आल्या. मागे कठड्याला धरून एक म्हातारी उतरत होती, एकेक पायरी, गुडघ्याला जपत. जाड भिंगांचा चष्मा. शेवटच्या पायरीवर थांबून तिने सगळीकडे पाहिलं. इन्स्पेक्टरांकडे, खड्ड्यांकडे, हाडांकडे.

"मला पुरलंय ती जागा हीच का?" तिने विचारलं.

बाबा स्टुलावरून अर्धवट उठले.

"तू म्हातारी झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही काय तरुण राहिलात?"

एक मजूर फिस्सकन हसला आणि त्याने लगेच तोंड फिरवलं. इन्स्पेक्टरांनी घसा साफ करून ओळखीचा पुरावा मागितला. तिने पिशवीतून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, एक खड्डा मोकळा आहेच, त्यात जाऊन बसावं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण चष्मा? चष्मा ठेवून कशा गेलात तुम्ही?"

"दोन होते बाई," त्या म्हणाल्या. "लांबचा घालून गेले. जवळचा राहिला."

२६ फेब्रुवारी, बुधवार

पोलीस गेले. सासूबाई ताईंकडे राहताहेत. काल दुपारी इथे आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, शर्टाच्या बाह्या उलटवता उलटवता. आमच्या कामाची सवय त्यांच्या बोटांत अजून आहे.

"मारहाण नव्हती. दारू नव्हती," त्या म्हणाल्या. "हे दुकानात बोलायचे, घरात बोलायचे नाहीत. वर्षानुवर्षं. मी भिंतीशी बोलायला लागले होते. पण सांगण्यासारखं काही नव्हतं ना, म्हणून कोणाला सांगता आलं नाही. एक दिवस बसमध्ये बसले. मनात होतं, काम मिळालं की येऊन पोरांना घेऊन जाईन."

"मग आला का नाहीत?"

"आले की. वर्षभराने. गल्लीच्या तोंडाशी नवा न्हावी बसायचा, त्याला विचारलं, लॉन्ड्रीवाले आहेत का घरी? तो म्हणाला, आहेत, पण बिचाऱ्यांची बायको वारली. पोरं आता कुठे जरा सावरलीत." त्यांनी शर्ट झटकला. "पोरं सावरलीत म्हणाला. मग मी काय भूत होऊन आत जाऊ?"

त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात राबल्या, दुसऱ्या गावात. पुढे ताईंना शोध लागला, तेव्हा त्यांनी ताईंकडून शब्द घेतला, बाबांना कळू द्यायचं नाही.

बाबा पलीकडे धुण्याच्या बोचक्यांच्या गाठी सोडत बसले होते. सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी 'गेली' म्हटलं. लोकांनी ताप जोडला, माहेर जोडलं, सांत्वनाला आले. त्यांना थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं."

"आणि माझं सामान?"

"रोज दिसायचं."

एवढंच. मग ते उठले आणि सासूबाईंना तळघरात घेऊन गेले. मी कान देऊन जिन्यात उभी राहिले. म्हटलं, आता एकटे आहेत, आता खरं काय ते निघेल. बाबा त्यांना हाडं दाखवत होते. ही बाई, हा म्हातारा, याचा पाय मोडून पुन्हा जुळला होता, म्हणजे कोणीतरी त्याला महिनोन्‌महिने सांभाळलं असणार. कुंचलेबाईंकडून शिकलेलं सगळं. पंधरा वर्षांत मी बाबांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मध्येमध्ये सासूबाई विचारायच्या, "आणि ही?"

१ मार्च, शनिवार

नवऱ्याने अखेर तोंड उघडलं. सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

"चार वर्षांपूर्वी ताईने मला सांगितलं. मी आईला भेटायला गेलो नाही. मला राग होता. तुला सांगितलं असतं तर रोज त्यावर बोलावं लागलं असतं."

"मला सांगायला हवं होतंस."

"हो. ती माझी चूक." तो शटरच्या कुलपाशी खटपट करत होता. "पण एक सांग. माझ्या बापाने खून केला असं तुला वाटलं. वाटू दे. मग तू मला का नाही विचारलंस? सरळ ठाण्यात का गेलीस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण या घरात आता तेवढी जागा उरली नव्हती.

"मला वाटलं, तूही त्यात असशील," मी म्हटलं.

त्याने शटर वर केलं. दिवसभर आम्ही दोघांनी मिळून गिऱ्हाइकं सांभाळली. नेहमीसारखा घड्या करताना तो चादरीचं दुसरं टोक धरायला आला. पण टोकं जुळवताना माझ्या हाताला त्याचा हात लागू नये याची त्याने काळजी घेतली.

४ मार्च, मंगळवार

कुंचलेबाईंनी हाडं एकेक करून कापसात गुंडाळली. तळघर आता खात्याच्या ताब्यात राहणार. आमचं मशीन तिथे बसणार नाही. नवरा म्हणतो, पुढच्या खोलीत बसवू आणि काउंटर लहान करू.

सासूबाई आज परत गेल्या. बाबा म्हणाले होते, "राहा." त्यांनी सांगितलं, "महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन. ताईचा बसचा त्रास वाचेल." बाबांनी मान डोलावली आणि त्यांची पिशवी उचलून बाहेर जाऊन उभे राहिले. मला अजून ते पूर्वीसारखं "सूनबाई" म्हणत नाहीत. कामाचं असेल तर "जरा ऐका" म्हणतात. चूक त्यांची नाही.

मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. माफी कशी मागतात ते मला येत नाही. त्यांच्याच नवऱ्याला मी त्यांच्या खुनासाठी पोलिसांत दिलं, त्याची माफी कोणत्या शब्दांत मागायची? मी म्हटलं, "सासूबाई, माझ्यामुळे सगळ्यांची शोभा झाली."

त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. जवळ उभं करून नीट पाहिलं.

"मी या गावात तेरा वर्षं राहिले," त्या म्हणाल्या. "शेजार होता, गिऱ्हाइकं होती, भिशीच्या मैत्रिणी होत्या. एक दिवस मी नाहीशी झाले. सगळे चुकचुकले, हळहळले आणि घरी गेले. त्या बाईचं झालं तरी काय, हे विचारायला ठाण्याची पायरी चढलेली तू पहिली."

मग त्या बाबांच्या मागून बस स्टॉपकडे निघाल्या, सावकाश, गुडघ्याला जपत.

ते कौतुक होतं की टोमणा, हे मी दुपारपासून ठरवते आहे. त्यांचा चेहरा आठवून बघते, आवाज आठवून बघते. काही पत्ता लागत नाही. पहिल्या रविवारी येतील तेव्हा विचारेन. या वेळी त्यांनाच.